जुळणी

वीस वर्षं मी लग्नपत्रिका छापल्या.
खालच्या आळीत, रेशमी जाळीवर, सोनेरी शाईत.
कुणाचं नाव चुकलं तर लग्नघरातून शिव्या यायच्या.

आता मिरजोळ्याच्या एमआयडीसीत,
पत्र्याच्या शेडमध्ये, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं,
जाळी तीच. अक्षर मात्र एकही नाही.
बाटलीत ताकासारखी पातळ राखाडी शाई,
शाईत चांदीच्या तारा:
केसाचे उभे हजार भाग केले तर त्यातला एक.
दिसत नाहीत. मीटरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा.
बाटली हलवायची ती हळू,
मीठ लावलेल्या फोडी बरणीत घोळवाव्यात तशी;
घाई केली की तारा एकमेकींत अडकतात,
गुठळी होते, आणि बाकीचा रस्ता उपाशी राहतो.

एका रोलात तीनशे मीटर फिल्म.
या टोकाला कोरी, त्या टोकाला
सात हजार पट्ट्या, छातीला चिकटवायच्या.
मधे भट्टी. आणि आमची वैरीण, हवा.
आर्द्रता पंच्याऐंशीवर गेली की शाई सुकायचं नाव घेत नाही,
आणि इथे ती पंच्याऐंशीखाली असते कधी?
पुण्याच्या मॅडम एसीला एसी जोडतात.
मी दाराच्या फटीत मेणकापड खोचतो.
दोन्ही लागतं.

चाचणीला मिरकरवाड्यातल्या बारा बायका घेतल्या,
जेटीवर कोळंबी सोलणाऱ्या.
पुण्याच्या घामावर पट्टी टिकली होती, म्हणे.
इथला घाम निराळा, त्यात आधीच समुद्र असतो.
हलिमा सोलकरने पट्टी उजेडाकडे धरली,
बोटं बर्फाने पांढरी, नखात सालपट:
"ह्याच्यात काय लिवलाय?"
काही नाही, म्हटलं. ही लिहीत नाही, वाचते.
"मग छापायचं पैसं कसलं घेतोस?"
सगळ्या हसल्या. मीही.

पाचव्या दिवशी मॅडमनी तिचा आलेख बाद केला.
दिवसा ठोके एक, रात्री दहानंतर भलतेच,
तीन पडून चौथा गाळणारे.
"पट्टी सुटलीय." लाल पेनाने फुली.

मी शेजारी फिल्मचं टोक कापत होतो.
हृदयातलं मला कळत नाही.
पण दुसऱ्या रंगाची जाळी केसभर सरकली
की गणपतीला दोन सोंडा येतात, तो दोष एक;
आणि दोन घरच्या पत्रिका एका गठ्ठ्यात गेल्या, तो दुसरा.
सुटली असती तर रेघ थरथरली असती, तुटली असती.
ही स्वच्छ होती. ठाम.
फक्त दुसऱ्याची.
मॅडम, म्हटलं, ही दोन माणसं आहेत.

हलिमाने मान वर केली नाही, सुरीही थांबवली नाही.
"डाक्टरचा नाव काढला की घरात भांडी उडतात.
निजल्यावर लावली त्येंच्या छातीला.
पहाटे काढून मला."
वरून पदराची चिंधी बांधायची, निघू नये म्हणून.

एकदाच लावायची म्हणून छापलेली पट्टी
पाच रात्री दोन छात्यांवर फिरली
आणि तुटली नाही.
यंत्रावर आम्ही ती हजारदा वाकवून बघतो.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

मंगळवारी कमरुद्दीनला कोल्हापूरला नेलं.
जाताना म्हणे मुंबईला जाणाऱ्या ट्रॉलरवरच्या पोराला
फोनवर बर्फाचा भाव विचारत होता.
पुढचं अजून कळलेलं नाही.

इथे रोल सुरू आहे. हवा अठ्ठ्याऐंशी.
मधूनच फिल्मचा तुकडा ट्यूबलाइटखाली धरतो,
तिने धरला होता तसा,
आणि बघत राहतो.
शुद्धलेखन तपासायची सवय आहे, जात नाही.